आधी उलटं करून दाखवा

जून लागला आणि आमचं निळं कपाट उघडेना.

मार्चमध्ये घरी आणलं तेव्हा दार एका बोटाने उघडत होतं. मिरगाचा पाऊस आला, आठवडाभर हवा ओली राहिली आणि दारं फुगून चौकटीत अशी घट्ट बसली की आतल्या चादरी काढायला नवऱ्याला कपाटाला पाय टेकवून मूठ ओढावी लागली. दार जागचं हललं नाही, मूठ मात्र हातात आली. मूठ पितळेची म्हणून सांगितलेली. तुटली तिथे आत काळं लोखंड दिसलं, वर नुसता मुलामा. तीन महिन्यांच्या खाऱ्या हवेने त्याला आतून पापुद्रे सुटायला लागले होते.

आमच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी कपाटाच्या मागे हात घालून फळी चाचपली, नखाने खरवडली आणि म्हणाले, "वयनी, ह्यां आंब्याचां लाकूड. आणि जुनां खयचां? माझ्या झिलापेक्षा ल्हान आसा तां."

त्यांचा झील बारावीला आहे. मी ते कपाट 'शंभर वर्षांपूर्वीचं, राजस्थानी लोककलेचं' म्हणून घेतलं होतं.

आमचं घर वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, माडांत आहे. ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी, वर माळा, असं जुन्या पद्धतीचं. १६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळात आंब्याची मोठी फांदी माजघरावर आली, कौलं गेली आणि दोन दिवस पाऊस सरळ घरात पडला. नव्वदच्या दशकात हौसेने केलेली प्लायवूडची कपाटं फुगली, त्यांचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले. त्याच माजघरात भिंतीला टेकवून ठेवलेले सासूबाईंचे फणसाचे पाट भिजले, वाळले आणि पुन्हा जेवायला घेतले. जुनं चांगलं सामान आमच्याकडे तेवढंच उरलं होतं. बाकीचं काही वाटण्यांत गेलेलं, काही गोव्याकडून येणाऱ्या माणसांनी ऐंशीच्या सुमारास शे-दोनशे रुपयांत उचललेलं.

छप्पर पुरं व्हायला २०२२ ची दिवाळी उजाडली. तेव्हा मी ठरवलं, आता प्लायवूड नाही. जुन्या वस्तूच घ्यायच्या, आणि जमलं तर रंगकाम केलेल्या, लोककलेच्या. यादी लहान होती: माजघरात एक कपाट, कपडे-अंथरुणांसाठी एक पेटारा, ओटीवर झोपाळा, बाक आणि एखादी आरामखुर्ची, देवघरात गणपतीसाठी चौरंग. दोन-तीन महिन्यांत होईल असं वाटलं होतं. सोळा महिने लागले, आणि ओटीवर बाक अजून नाही.

निळ्या कपाटाची चूक सांगून टाकते, कारण पुढचं सगळं शहाणपण त्यातून आलं. महामार्गालगतच्या एका गोदामात ते पाहिलं. निळ्या रंगावर पांढरी-पिवळी फुलं, दोन मोर, आणि रंग कसा छान उडालेला! कडांना, कोपऱ्यांना, मुठीभोवती, पायांना, अगदी माथ्याच्या पट्टीलासुद्धा. मला वाटलं, काय वापर झालाय याचा. आता कळतं की तिथेच थांबायला हवं होतं. माथ्याच्या पट्टीला कोण हात लावतं? सहा फुटांवरच्या पट्टीचा रंग आणि मुठीजवळचा रंग सारखाच उडालेला असेल, तर तो माणसांच्या हातांनी उडालेला नसतो, सँडपेपरने उडवलेला असतो. जोधपूरकडे असं 'जुनं' दिसणारं फर्निचर नव्याने बनवून विकण्याचा मोठा व्यवसाय आहे, परदेशातही जातं. त्यात गैर काही नाही, नवं म्हणून विकलं तर. मी मात्र जुन्याचे पैसे मोजले.

दुसरा मुद्दा हवेचा. ते लाकूड कोरड्या हवेत वाळलेलं. आपल्याकडे जूनमध्ये मीठ वितळतं, पापड मऊ पडतात, तसं लाकूडही पाणी ओढून घेतं आणि फुगतं, तेही लांबीत नाही, रुंदीत. म्हणून रुंद फळ्यांची दारं आधी अडकतात. मी मेस्तांना म्हटलं, जरा रंधा मारून द्या. ते म्हणाले, "आता रंधो मारूचो नाय. दिवाळी जाव दे, मगे तां आपणच बारीक होतलां." खरंच, डिसेंबरमध्ये दारं सुटली. पावसात रंधा मारला असता तर हिवाळ्यात बोटभर फट पडली असती. हल्ली पावसाळ्यात त्या कपाटाचं एकच दार लावतो, दुसरं उघडं. मोर तेवढे सुंदर आहेत, हे कबूल करते.

कपाटानंतर मी बाहेर पडताना पिशवीत चार वस्तू टाकायला लागले: मोजपट्टी, बॅटरी, लहान लोहचुंबक आणि जुनी चादर. चादर कशाला? वस्तू उलटी करताना खाली अंथरायला. "जरा उलटं करून दाखवा" म्हटलं की विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ज्याची वस्तू खरी जुनी, तो कुरकुरत का होईना मदतीला येतो. बाकीचे 'अहो, खाली काय बघायचंय' म्हणतात. खालीच तर बघायचं असतं. दर्शनी बाजू कोणीही घासूनपुसून, रंगवून चांगली करतो. तळ, पाठ, खणाची आतली बाजू यांच्यासाठी कोणी कष्ट घेत नाही, म्हणून तिथे खरं ते राहतं. हातकरवतीच्या सरळ पण एकसारख्या नसलेल्या रेघा, वाकसाने तासलेले उथळ खड्डे, लोहाराने घडवलेले चौकोनी डोक्याचे खिळे. गोल करवतीने कापलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा उमटतात, त्या दिसल्या की लाकूड यंत्रावर चिरलेलं. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० नंतरच्या जगातला, आपल्या गावात तर त्याच्याही खूप नंतरचा. पण एका स्क्रूवरून अख्खी वस्तू खोटी ठरवायची नाही. बिजागरी कधीतरी बदललेली असतेच.

लोहचुंबकाचा उपयोग कड्यांना झाला. झोपाळ्याच्या पितळी कड्या, पोपट-हत्ती घातलेल्या, दोन ठिकाणी पाहिल्या. एका ठिकाणी चुंबक चटकन चिकटला. दुसऱ्या ठिकाणी नाही चिकटला, त्या घेतल्या. फळी गावातच सागवानाची मिळाली. झोपाळ्याचं एवढंच, त्यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त टांगण्याआधी वरचा बहाल, म्हणजे आडवी तुळई, मेस्तांना दाखवून घ्या. आमच्या बहालाला एका टोकाला वाळवी लागलेली निघाली.

आता रंगकामाचं. माझ्या डोक्यात आधी 'लोककलेचं फर्निचर' म्हणजे काहीही चित्रं काढलेलं जुनं लाकूड, एवढंच होतं. एका दुकानात 'वारली चित्रांचं जुनं कपाट, सत्तर वर्षांपूर्वीचं' दाखवलं. गेरूच्या लाल रंगावर पांढऱ्या आकृत्या, तारपा नाच, सगळं नीट. घरी येऊन विचार केला तेव्हा खटकलं. वारली चित्रं डहाणू-तलासरीकडे कुडाच्या भिंतीवर, शेणा-गेरूने सारवून, तांदळाच्या पिठाने काढायची. लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या. ती कागदावर आली ती सत्तरच्या दशकात, जिव्या सोमा मशे यांच्या पिढीपासून. मग सत्तर वर्षांपूर्वी ती कपाटावर कोणी काढली? पुढे असंच 'जुनं चित्रकथी कपाट' आलं. चित्रकथी तर आमच्या शेजारची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची माणसं चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगतात. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मी पिंगुळीला जाऊन जुन्या पोथ्या पाहून आले. ती चित्रं कागदावरची, पाठीला पाठ चिकटवलेली, गोष्ट सांगताना एकेक पुढे करायची. कपाटावर काढून ती कोणाला दाखवणार आणि कोण सांगणार? कपाट नवंच असणार.

तेव्हापासून रंगीत वस्तू समोर आली की मी आधी विचारते: ही कला मुळात कशावर राहत होती? भिंतीवर, कागदावर, कापडावर, की लाकडावर? आमच्या किनाऱ्यावर लाकडावरच वाढलेलं रंगकाम म्हणाल तर ते सावंतवाडीच्या चिताऱ्यांचं. लाखकाम. पाट, चौरंग, देव्हारे, लाकडी फळं-भाज्या, खेळणी आणि अर्थात गंजिफा. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. ही कला जवळजवळ संपत आली होती. सत्तरच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही मोती तलावासमोरच्या त्या वाड्यात कारागीर काम करताना बघायला मिळतात.

बाकी कोकणातलं जुनं सामान माझ्या पाहण्यात साधंच. फणस, साग, शिसव, किंजळ, वर तेल नाहीतर लाखेचं पॉलिश. तेव्हा माझ्या यादीत रंगीत एकच वस्तू राहिली, चौरंग. बाकी सगळं बिनरंगी. यादीला असा आकार आला आणि शोध सोपा झाला.

चौरंग मिळाला तो कुडाळच्या पुढे एका घरात. घर पाडून नवं बांधायचं होतं, सामान अंगणात काढून ठेवलेलं. आजी ओटीवर बसलेल्या. चौरंग दीड हात लांब-रुंद, चारी पाय कातलेले. वर मधोमध लाल, कडेने काळी पट्टी, आणि पट्टीवर ओळीने दशावतार. मी बॅटरी लावून अर्धा तास तो चौरंगच बघत बसले. मधल्या लाल भागात ताटाएवढं गोल, तिथला रंग पार उडून लाकूड दिसत होतं. पुढच्या कडेला उजव्या हाताला तेलाचा काळपट डाग, वर काजळीची छटा. मागच्या कडेचे अवतार टवटवीत, पुढचे फिके. मनात बसवून पाहिलं: मधोमध मूर्तीची बैठक, पुढे उजवीकडे समई, पुढूनच हळदकुंकू, आरती, फुलं. वर्षानुवर्षं एकाच बाजूने हात लागले आहेत. निळ्या कपाटाला जे नव्हतं ते इथे होतं. झीज होती, पण जिथे असायला हवी तिथेच.

आजींना विचारलं, हा कशाला काढताय? त्या म्हणाल्या, "झील मुंबैक. थयसून तयार मखर घेऊन येतंत, टेबल पण तेंचाच." किंमत मी बोलायच्या आत त्यांनीच एक विचारलं, घेऊन काय करणार? शोभेला ठेवणार म्हटलं असतं तर बहुतेक मिळाला नसता. गणपतीला बसवायला, म्हटलं. साडेतीन हजारांत दिला, वर आठ नारळ दिले.

आणि मग मी तो धुतला.

हे लिहिताना अजून कसंतरी होतं. शंभर तरी चतुर्थ्यांची धूळ-काजळी आहे, आधी स्वच्छ करू, म्हणून कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड थोडंसं घातलं आणि मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसायला लागले. हलक्या हातानेच, शपथ. पहिल्या दोन फेऱ्यांत फडक्यावर काळं आलं, मला बरं वाटलं. तिसऱ्या फेरीत फडक्यावर हिरवं आलं. बघते तर पुढच्या कडेवरच्या एका अवताराचा अंगरखा गेला, मग हात, मग परशू. खाली पांढरं, पिठासारखं अस्तर उघडं पडलं आणि तेही बोटाला लागत होतं. कोकणात राहून मी नेमका परशुराम पुसला.

तशीच तो चादरीत गुंडाळून सावंतवाडीला चितार आळीत घेऊन गेले. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी पाहिला, जीभ चावली आणि समजावून सांगितलं. या कामात लाकडावर आधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचं अस्तर. ते घासून गुळगुळीत करायचं. त्यावर रंग. आणि सगळ्यात वर लाखेचा हात, तेच त्याचं कवच. लाख शाबूत आहे तोवर ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. पण जुन्या लाखेला बारीक तडे गेलेले असतात, पाणी त्यातून आत शिरतं, आणि आत तर खळच, पाण्यात विरघळणारी. मग रंग वरून पुसला जात नाही, खालून सुटून येतो. "स्पिरिटनं पुसलं असतं तर?" मी विचारलं. ते हसले. स्पिरिटमध्ये लाखच विरघळते, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच करतात. तेव्हा स्पिरिटने आधी कवच गेलं असतं, मग उरलेले नऊ.

मग करायचं काय? मऊ कोरडा ब्रश, चित्र काढायचा. एक चौरस इंच, मग दुसरा. तडे गेलेत तिथे तोही नाही. बस.

परशुराम पुन्हा काढून द्याल का, असं विचारलं तर म्हणाले देतो, पण मग बाकीचे नऊ जुने आणि हा एक नवा दिसेल. शेजारचे दोन जुळवायचे म्हटलं तर त्यांनाही हात लावावा लागेल, आणि तिथून थांबायचं कुठे? त्यांनी सुटणाऱ्या कडा तेवढ्या पक्क्या करून दिल्या, त्यावर लाखेचा पातळ हात दिला. परशुरामाची जागा पांढरी आहे, तशीच ठेवली. त्यांच्याकडून नवा, लहान पाट मात्र घेतला, आजचा, आजच्या किमतीला. जुनं-जुनं करताना जी माणसं आज हे काम करतात त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे मला पटत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींनी गोव्यात जाऊन 'व्हिंटेज' पाट तिप्पट पैसे देऊन आणले आहेत, त्यांना मी हे तोंडावर सांगितलं आहे.

पेटाऱ्याची गोष्ट जरा मजेची. पुन्हा महामार्गालगतचंच एक दुकान, निराळं. पेटारा फणसाचा, साडेतीन फूट लांब, झाकणाला लोखंडी पट्ट्या. मालक म्हणाला, "दीडशे वर्षं जुना, ताई." मी विचारलं, मग तुमच्याकडे परवाना आहे ना? कसला? मी सांगितलं, पुरावशेष आणि कलावस्तूंचा १९७२ चा केंद्राचा कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तू त्यात येतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. माझा चुलतदीर दुबईला असतो, त्याला अशीच एक पेटी न्यायची होती म्हणून हे मला माहीत होतं. मालक क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "तसं नक्की नाही. साठ-सत्तर वर्षं धरा." एका वाक्यात ऐंशी वर्षं गेली. किंमतही त्याच प्रमाणात उतरायला हवी होती, ती मात्र फक्त दोन हजारांनी उतरली.

रत्नागिरीकडच्या व्यापाऱ्यांचं वेगळं. तिथे निम्मं सामान 'थिबा राजाच्या वाड्यातलं' असतं. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये वारला तोवर रत्नागिरीत नजरकैदेत होता, हे खरं. त्याचा वाडा १९१० मधला, तोही खरा. पण मला एकट्या एका वर्षात त्या वाड्यातले चार पलंग, एक आरसा आणि सहा खुर्च्या दाखवल्या गेल्या. बिचाऱ्याच्या वाड्यात झोपायला तरी जागा होती की नाही!

पेटारा उलटा केला. तळाला वाकसाचे खड्डे, चौकोनी खिळे, आणि एका कोपऱ्यात मेस्तांनी (त्यांना या वेळी बरोबर नेलं होतं) पटाशीने नखभर खरवडलं. बाहेर तांबूस-तपकिरी, आत पिवळाधमक. फणसाचं लाकूड ताजं पिवळं असतं, हवेने-उजेडाने काळवंडत जातं. कुलुपाच्या भोवती अर्धगोल झीज, उजव्या बाजूला जास्त. आत कापराचा वास. बिजागऱ्या नंतरच्या, यंत्राच्या स्क्रूच्या. मेस्त म्हणाले, घ्या.

पण तळाला भोकं होती, टाचणीच्या डोक्याएवढी. दुकानदार म्हणाला जुनी आहेत, मेलेली. ते दुकानात कळत नाही. पेटारा घरी आणून सरळ आत न नेता मागच्या पडवीत चार विटांवर ठेवला आणि खाली पांढरा कागद अंथरला. तिसऱ्या दिवशी कागदावर चार ठिकाणी मैद्यासारखी पिवळसर पूड. म्हणजे किडा जिवंत. जुन्या भोकांतून पूड पडत नाही, आणि पडली तरी मळकी असते. मग बोरॅक्स आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून तळाला, आतून, जिथे पॉलिश नाही तिथे दोन हात दिले, आणि औषधाच्या सिरिंजने भोकाभोकांत सोडलं. आठ दिवस ऊन, मग करंजेलाचा हात. सासूबाईंना हा सगळा खटाटोप वायफळ वाटला. त्यांच्या माहेरी होड्यांना लावायचं काजूच्या टरफलांचं तेलच वाशांनाही लावत, त्याला वाळवी शिवत नसे. पण ते अंगावर पडलं तर भाजतं आणि वासही सहन होत नाही. अंथरुणांच्या पेटाऱ्याला नको म्हटलं. महिनाभर कागद कोरा राहिला तेव्हा पेटारा माजघरात आला. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलाय, मागून हवा खेळायला.

याच दरम्यान एक छोटं जाळीचं कपाट मिळालं, दूध-दुभत्याचं, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचं ते. हिरवा तेलरंग, चार-पाच थर. माझा हात लगेच सँडपेपरकडे. मेव्हण्याने थांबवलं, तो रंगाच्या कंपनीत आहे. जुन्या तेलरंगांत शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग काय असेल सांगता येत नाही. कोरडं घासलं की ती धूळ घरभर, आणि भाचरं जमिनीवर रांगणारी. शेवटी रंग काढलाच नाही. निघत होते ते पापुद्रे ओलं फडकं लावून टिपले आणि वरून पारदर्शक वॉर्निशचा हात देऊन तो रंग बंदिस्त केला. आत अन्न ठेवत नाही, नारळ-कांदेसुद्धा नाहीत. सुतळ्या, जुनी वर्तमानपत्रं, मेणबत्त्या.

छत्रीपलंगाचा मोह मात्र मोजपट्टीने घालवला. माजघराचं दार पाच फूट दोन इंच. सुटा करून आत नेता येतो म्हणाले, पण वरची छत्री तुळईलाच लागली असती. सोडला.

आरामखुर्ची ही शेवटची आणि मला सगळ्यात आवडलेली. लांब हातांची, वेताची, वेत फाटलेला. मालवणात एका घरून आली. विकणाऱ्याने आधीच माफी मागितल्यासारखं सांगितलं, खाली काहीतरी रंगाने लिहिलंय, ते घासून देतो. चादर अंथरली, उलटी केली. मागच्या पट्टीवर आतल्या बाजूला, पांढऱ्या तेलरंगात, मोठ्या वाकड्या अक्षरांत: वेंगुर्लें. शेवटच्या अक्षरावर अनुस्वार, जुन्या पद्धतीचा. त्याखाली एक आकडा, अर्धा गेलेला.

बोटीचं सामान. मुंबईहून किनाऱ्याने बोट खाली यायची तेव्हा चाकरमान्यांचं सामान असंच बंदराचं नाव घालून चढवायचे. बोट बाहेर समुद्रात थांबणार, सामान होडीत उतरणार, होडी धक्क्याला येणार. या खुर्चीवरचा वेंगुर्ल्याचा पत्ता बरोबर होता, खुर्ची मात्र कशी कोण जाणे मालवणात राहिली. मी ते घासू दिलं नाही. वेत नवा विणून घ्यायला दोन महिने गेले, कारण प्लास्टिकचा नको म्हटलं आणि खरा वेत विणणारा माणूस शोधावा लागला. हातांवरचं पॉलिशही नवं केलं नाही. पेला ठेवायच्या जागी एक गोल डाग आहे, चहाचा नसावा.

गणपतीत चौरंग देवघरात मांडला. मूर्तीची बैठक मधल्या उडालेल्या गोलात बरोबर बसली, अगदी कडेला कड. पुतण्याने दहा अवतार मोजले, नऊच भरले. मग त्याने मला विचारलं, दहावा कुठे गेला? मी समई उजवीकडे सरकवली.

बाक अजून बाकी आहे. गेल्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला होता. बाक नाही, पण एक आरसा आलाय म्हणे, शिसवीच्या चौकटीचा, थिबाच्या वाड्यातला. फोटो पाठवू का?

पाठवा म्हटलं. मागच्या बाजूचा.